ज्यावर अर्जंट लिहिलेलं नव्हतं

सोमवार, ४ मार्च

धाकट्या,

आज सकाळी कामावर पोचलो, हात धुतले, रोजच्यासारखं देवाचं नाव घेतलं आणि फळीवरचे कवळ्यांचे डबे मोजले. सेहेचाळीस भरले. त्यातल्या त्रेचाळीस डब्यांवर लाल चिठ्ठी होती. म्हणजे सेहेचाळीस बोळक्यांपैकी त्रेचाळीस बोळकी आजच्या आज दात मागत होती. मी स्टुलावर बसलो आणि तुझ्या रिकाम्या टेबलाकडे बघून मोठ्याने म्हणालो, "कर आता काय ते." कोणी ऐकलं नाही हे बरं झालं. बायको आधीच म्हणते की हल्ली तुम्ही भिंतीशी बोलता.

तू गेलास तेव्हा लाल चिठ्ठ्या निम्म्याच्या आसपास होत्या, आठवतं? तेव्हाही आपण वैतागायचो. आता पांढरी चिठ्ठी दिसली की मला त्या डॉक्टरची काळजी वाटते, आजारी वगैरे तर नाही ना.

अकराच्या सुमाराला डबे आणणारा पोरगा, म्हणजे आपलं वादळ, आलं. अजून तसंच आहे. दाताच्या दवाखान्यांतून डबे गोळा करून आणतं, दार ढकलायच्या आधी ओरडतं. "दादा, सहा आणलेत, सहाच्या सहा अर्जंट!"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दवाखान्यातल्या बाईंनी गठ्ठ्याने लाल चिठ्ठ्या लावून ठेवल्यात. पांढऱ्या संपल्यात म्हणे."

पांढऱ्या संपल्या! मी सरळ फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "हो हो, अर्जंटच आहे."

"पेशंटला कधी हवंय?"

"पेशंट ना? ते मुलीकडे गेलेत. पुढच्या महिन्यात परत येतील."

"मग अर्जंट कसं हो बाई?"

"लिहिलेलं बरं असतं ना."

मी फोन ठेवला.

खरी गंमत पुढेच आहे. दुपारी मालक आले. हातात नारिंगी रंगाच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. म्हणाले, लाल चिठ्ठीला आता वजन राहिलं नाही, म्हणून ही नवी. सुपर अर्जंट. मी म्हणालो, "मालक, सहा महिन्यांनी हिलाही वजन राहणार नाही. मग काय कराल?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. लोकांना समाधान मिळतं हो."

"समाधान चिठ्ठीनेच मिळत असेल तर दात कशाला करायचे?"

ते हसले आणि गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेले. तू असतास तर त्यांना दोन शब्द ऐकवले असतेस. मला तेवढंही नीट जमत नाही, आणि मग दिवसभर तेच घोळत राहतं.

फोन तू उचलत नाहीस. चौदा महिने झाले. म्हणून पत्र. तू ज्या कारणाने गेलास त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तिकडच्या कारखान्यात तुझं बरं चाललंय असं वादळाकडून कळलं. त्याला सगळ्यांचं सगळं कळतं.

आशीर्वाद लिहितो आहे. घेशील की नाही, ठाऊक नाही.

दादा

सोमवार, ११ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. असो, मीही उत्तर मागितलं नव्हतं.

नारिंगी चिठ्ठ्या गेल्या बुधवारपासून सुरू झाल्या. आज अकरा आहेत. एका महाभागाने एकाच डब्यावर लाल आणि नारिंगी दोन्ही लावल्या, आणि वर पेनाने लिहिलं, 'थोडं अर्जंट'. मी ती चिठ्ठी वादळाला दाखवली. म्हटलं, "थोडं अर्जंट म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "थोडं लग्न झालंय म्हणतात ना, तसं." मला हसू आलं, पण राग काही गेला नाही.

आपल्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर आठवतात का? तू माझ्यानंतर सहा वर्षांनी त्यांच्या हाताखाली गेलास, तोवर त्यांचा चष्मा जाड झाला होता. मला विशेषण शिकवताना ते म्हणाले होते, "नाम म्हणजे माणूस, विशेषण म्हणजे त्याच्या अंगावरचा सदरा. सदरा मापाचा असावा. बापाचा सदरा पोराला घातला तर पोर दिसतच नाही." काल त्यांनीच बक्षीस दिलेला तो शब्दकोश पेटीतून काढला. पानं पिवळी पडलीत, पण अक्षर शाबूत आहे. अर्जंट हा शब्द काढून बसलो.

पहिला अर्थ आहे, ज्याला ताबडतोब हात घालावा लागतो, जे थांबवून ठेवता येत नाही. दुसरा अर्थ मला माहीतच नव्हता. माणसाच्या बोलण्याला, आवाजाला हा शब्द लावला तर त्याचा अर्थ होतो आग्रही, पाठ न सोडणारा, मागून मागून घेणारा. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की ज्या जुन्या शब्दापासून हा आला त्याचा अर्थ दाबणे, रेटणे.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे डॉक्टर चुकीचं लिहीत नाहीत. ते दुसऱ्या अर्थाने लिहितात. काम थांबू शकतं की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना फक्त रेटायचं असतं. ज्याचा रेटा मोठा, त्याचा डबा पुढे. आणि ज्याला रेटता येत नाही, त्याने मागे बसायचं.

आपण दोघांनी ठरवलं होतं की आपल्या हाताने हा शब्द कधी लिहायचा नाही. तू बावीस वर्षांचा होतास. एकाच दिवशी तीस लाल डबे आले होते, आणि तू मेणाची सुरी टेबलावर आपटून म्हणालास, "दादा, आपलं घर जळालं तरी बंबवाल्याला नुसतं सांगायचं, आग लागली आहे. अर्जंट म्हणायचं नाही." किती हसलो होतो आपण. पण पुढे ते दोघांनीही पाळलं. घरातसुद्धा. माझी बायको म्हणायची, "तुम्हा भावांना काही सांगायचं म्हणजे आधी मुहूर्त बघावा लागतो."

एवढं सगळं लिहिलं ते एका कारणासाठी. पांढरी चिठ्ठी मागे आणि लाल पुढे, हा नियम मी केलेला नाही. तू इथे होतास तेव्हाही तोच होता. मी नियमाने वागलो. एवढंच म्हणायचं होतं.

दादा

मंगळवार, १९ मार्च

धाकट्या,

बोलायचं नसेल तर तसं कळव. पत्र परत तरी पाठव. वादळ सांगत होतं की तुझ्या बायकोने माझी दोन्ही पत्रं फळीवर नीट ठेवलीत आणि तू त्यांना हात लावत नाहीस. पांढरी चिठ्ठी लावलेल्या डब्यासारखी!

मी विषय काढणार नव्हतो. पण तू गप्प राहून रोज तोच विषय काढतो आहेस, म्हणून लिहितो.

आईला स्मशानात पोचवून आपण परत आलो. तू मागच्या नळावर पाय धूत होतास. माझ्याकडे न बघता विचारलंस, "दादा, आईचा डबा तुझ्या फळीवर कधी आला होता?"

मी म्हणालो, "तू त्यावर अर्जंट का लिहिलं नाहीस?"

तू नळ बंद केलास. म्हणालास, "आईच्या नावापुढे?"

दुसऱ्या दिवशी तू आपल्या सुऱ्या, चिमटे फडक्यात गुंडाळलेस आणि निघालास. मालक दारापर्यंत मागे आले, मी आलो नाही.

मी विचारलं त्यात चूक काय होतं? तू चिठ्ठी पांढरी लावलीस. तोंडाने सांगितलं नाहीस. तुझं टेबल आणि माझं टेबल, मधे आठ पावलं. आठ पावलं चालून आला असतास, "दादा, तेवढं आईचं आधी घे" म्हणाला असतास, तर काय तुझे पाय झिजले असते? पन्नास-पन्नास डब्यांत मला काय स्वप्न पडणार होतं?

चिडून लिहितो आहे हे मला कळतंय. फाडणार होतो. फाडत नाही.

दादा

गुरुवार, २८ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड काल आलं. एकच ओळ. 'तो डबा अजून तिथेच आहे का?'

आहे.

वरच्या फळीवर, खिडकीच्या कोपऱ्यात. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून आहे. मी रोज सकाळी डबे मोजतो तेव्हा तो मोजत नाही. तुला सेहेचाळीस लिहिले होते, ते खरं म्हणजे सत्तेचाळीस होते. मालकांनी एकदा विचारलं, "हे कोणाचं पडलंय?" मी म्हणालो, "राहू द्या."

आता पुढचं लिहितो. लिहायला दोन बैठका लागल्या. पहिलीत नुसता कागद समोर ठेवला.

मी तुला लिहिलं की मला काय स्वप्न पडणार होतं. ते खोटं आहे. डबा तुझ्या टेबलावरून माझ्याकडे आला त्याच दिवशी मी झाकण उघडलं होतं. चिठ्ठीवरचं नाव वाचायचीसुद्धा गरज पडली नाही. मेणात लावलेले दात बघितले आणि कळलं. वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढवलेला होता. कोणताही कारागीर असा दात लावत नाही, सगळे सरळ रांगेत लावतात. पण आईचा खरा दात तसाच होता, हसली की आधी तोच दिसायचा. तू तो आठवणीतून लावलास. मी बराच वेळ बघत राहिलो. मग झाकण लावलं आणि डबा पांढऱ्यांच्या रांगेत, सगळ्यांच्या मागे ठेवला.

माझ्याकडचं काम किती होतं? मेण काढायचं, पक्कं करायचं, घासायचं, चमकवायचं. एक दिवस. फार तर दीड. आई गेली तोवर तो डबा माझ्याकडे एकोणीस दिवस पडून होता.

मी स्वतःला काय सांगत होतो ते लिहितो. घरच्या माणसाला पुढे काढलं तर मग त्या दवाखान्यातल्या बाईंत आणि माझ्यात फरक काय? देव बघतो आहे, नियम सगळ्यांना सारखा. सकाळी हात जोडतानाही मी हेच मनात आणायचो, आणि मला बरं वाटायचं. देवाला असा साक्षीला बसवणारा माझ्यासारखा मीच.

आणि त्याच एकोणीस दिवसांत मालकांच्या ओळखीच्या एका बड्या गृहस्थांची कवळी मी एका दिवसात करून दिली. लाल चिठ्ठी होती. कोणत्यातरी समारंभात भाषण करायचं होतं त्यांना. भाषण त्यांनी जुन्या दातांनीच केलं. नवी कवळी न्यायला ते अडीच महिन्यांनी आले.

पण हेही सगळं खरं नाही. खरं याच्या खाली आहे.

मी वाट बघत होतो. तू माझ्याकडे येऊन मागावंस म्हणून. आई माझ्याकडून उठून तुझ्याकडे राहायला आली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. कारण काही नव्हतं, तुझ्या घरी जिना नव्हता, एवढंच. तिनेही तेच सांगितलं. पण मला ते लागलं होतं. थोरल्याचं घर सोडून आई धाकट्याकडे गेली, लोक काय म्हणतील, इथपासून सगळं. तू येता-जाता "आईला आज झोप लागली" असं सहज बोलायचास, आणि मला वाटायचं, हा मुद्दाम सांगतो. म्हणून मनात म्हणालो, आता येऊ दे माझ्या टेबलाशी. आई तुझ्याकडे असेल, पण तिचे दात माझ्याकडे आहेत.

हे लिहिताना लाज वाटते. पण वाक्य असंच होतं मनात, शब्दाला शब्द.

तू आला नाहीस. तुला वाटलं असणार, दादाला सांगावं लागतं का. आणि मला वाटत होतं, विचारायला काय होतं याला. आठ पावलं मी मोजली होती, म्हणजे बघ, मीही ती चाललो नाही.

बायको आईला भेटून आली की सांगायची. जुनी कवळी पडून तुटल्यापासून आई तोंडावर हात धरून बोलते. दुधात बुडवून पाव खाते, तोही सगळ्यांची जेवणं झाल्यावर. एकदा बायको चिडून म्हणाली, "अहो, तुम्ही गावभर लोकांचे दात करता आणि तुमची आई बोळक्याने बसली आहे. तुमच्या लेखी सगळं थांबू शकतं. उद्या मी मेले तरी पांढरीच चिठ्ठी लावाल." मी तिच्यावर ओरडलो. मग रविवारी तुमच्याकडे आलो. तू बाजारात गेला होतास, म्हणून हे तुला माहीत नाही.

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला बघून हात तोंडावर गेला. मी म्हणालो, "आई, कामाची फार गर्दी आहे." तिने काही विचारलं नव्हतं, मीच म्हणालो.

ती हाताआडून म्हणाली, "सावकाश कर रे. मला कुठे जायचंय? फक्त मावशी यायच्या आत झालं तर बघ. नाही झालं तरी चालेल."

मी त्यातलं 'चालेल' तेवढं घेऊन घरी आलो.

मावशी नऊ वर्षांनी येणार होती. दोन्ही बहिणी म्हाताऱ्या, पुन्हा कधी भेट होते कोण जाणे. ती आली तेव्हा काय झालं ते तू स्वतः बघितलंस, मी बायकोकडून ऐकलं. मावशी दारापाशी बसून हाका मारत होती, आणि आई आतून म्हणत होती, "ताई, मला बरं नाही गं, तू चहा घेऊन जा." तिच्या त्या बोळक्या उच्चारात. मावशी रडत गेली. तिला वाटलं, बहिणीच्या मनात काही जुनं राहिलं आहे. त्यानंतर आठव्या दिवशी आई गेली. मावशीला अजून खरं कारण माहीत नाही.

शब्दकोशातला दुसरा अर्थ मी तुला लिहिला होता. आग्रही, मागून मागून घेणारा आवाज. आईजवळ तो आवाजच नव्हता. जन्मभर नव्हता. आपण दोघं तिचेच मुलगे, आपल्यालाही तो नको होता, आणि त्याचा आपल्याला अभिमान होता. पण पहिला अर्थ तर होता ना, जे थांबवून ठेवता येत नाही ते. तो वाचायला मला चिठ्ठी कशाला हवी होती? तो वाकडा दात माझ्या हातात होता.

नळावर तू मला विचारलंस तेव्हा मी उलटा प्रश्न केला. उत्तर हे आहे. डबा एकोणीस दिवस माझ्याकडे होता आणि मला तो आईचा आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दादा

मंगळवार, २ एप्रिल

धाकट्या,

काल मावशीकडे जाऊन आलो. तिने दारातच नेहमीसारखं विचारलं, "काय रे, वाळलास?" मी तिला बसवून सगळं सांगितलं. जिना, फळी, एकोणीस दिवस, सगळं. तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "म्हणजे ती माझ्यावर रागावली नव्हती?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "वेडी. लहानपणी आम्हा दोघींचे दात एकदमच पडले होते. तेव्हा नाही लाजली ती." आणि मग मला म्हणाली, "तुला मी आज काही बोलणार नाही. पुन्हा कधीतरी ये, तेव्हा बोलेन." मी जाणार आहे. तिचं बोलणं खाऊन घ्यायचं आहे.

आज सकाळी कामावर आलो. हात धुतले. देवासमोर उभा राहिलो, पण आज त्याला काही समजावून सांगितलं नाही. फळीवर एक्कावन्न डबे होते. नारिंगी एकोणतीस, बाकीचे लाल. मी स्टुलावर चढलो आणि खिडकीच्या कोपऱ्यातला डबा काढला.

चौदा महिन्यांत मेण आकसलं होतं. मागचे दोन दात सुटले होते, ते मी कोमट सुरीने पुन्हा बसवले. तुझ्यासारखा हात नाही माझा, तुला दिसेल. पुढच्या दाताला मी धक्का लावला नाही. साचा भरला, पक्कं करायच्या भांड्यात ठेवला आणि समोर बसून राहिलो.

वादळ आलं. "दादा, आठ आणलेत! पाच सुपर..." मग माझ्याकडे बघून त्याने आवाज उतरवला. "काय करताय?"

"काम."

मालक दुपारी आले. भांड्यात एकच साचा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, पन्नास डबे पडलेत. हे कोणाचं?"

"माझ्या आईचं."

मग हळूच म्हणाले, "पण आई तर..."

"हो."

"मग घाई कसली?"

"घाई नाही, मालक. उशीर झालाय."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. फोन वाजत होता, दवाखान्याचाच असणार. मी उठलो नाही. शेवटी त्यांनी स्वतः उचलला आणि म्हणाले, "आज होणार नाही. उद्या." एवढं बोलून ठेवून दिला. या माणसाच्या तोंडून हे मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी पाचपर्यंत घासून, चमकवून झालं. वहीत आईच्या नावासमोर गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून जागा कोरी होती. तिथे 'पूर्ण' लिहिलं, आजची तारीख घातली, खाली सही केली. तारीख मागची घालायचा मोह झाला नाही.

कवळी याच डब्यात आहे, पत्राबरोबर. तिचं काय करायचं ते तू ठरव. आई तुझ्याकडे राहायला आली होती, म्हणून तुझ्याकडे पाठवतो. वादळाने डबा बांधताना सवयीने विचारलं, "दादा, वर अर्जंट लिहू ना?" मी नको म्हणालो. चिठ्ठी तू लावलेली तीच आहे, पांढरी. आज एक्कावन्न डबे मागे ठेवून ती पुढे घेतली.

दादा